परीक्षेचा नारळ

गुणाजी परबांना दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत झोप लागत नाही, हे त्यांच्या घरात सगळ्यांना आरतीसारखं पाठ होतं. दर मे महिन्यात गावाला जाणाऱ्या लक्झरीत अख्खी बस घोरत असायची आणि गुणाजी पहिल्या सीटवर ताठ बसून, ड्रायव्हरच्या पायांकडे डोळे लावून, कशेडीचा घाट त्याच्याबरोबर उतरायचे. सकाळी उतरताना त्याला मार्कही द्यायचे. "ब्रेक बरो आसा तुझो, पण हात उतावळो." तीस वर्षं मुंबईत लाल बस हाकलेला माणूस. ड्रायव्हरही मुकाट ऐकून घ्यायचा.

अशा माणसाला शेजारी बसवून मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता अनुजाला, त्यांच्या सुनेला, गाडी चालवायची होती.

नाव सहलीचं होतं. विनीतनं, म्हणजे अनुजाच्या नवऱ्यानं, ती कागदावर झोकात आखली होती. करी रोडहून निघायचं, वरळीकडून समुद्रातल्या नव्या रस्त्यावर चढायचं, बोगद्यातून गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, मग फोर्ट ओलांडून बंदराच्या अंगानं शिवडी. शिवडीच्या धक्क्यावर खाडीतले फ्लेमिंगो बघायचे आणि जेवायला घरी. अर्ध्या मुंबईला पाण्याकाठानं एक प्रदक्षिणा. पण त्या सहलीच्या पोटात परीक्षा होती, आणि गाडीतल्या पाच जणांपैकी हे फक्त आठ महिन्यांच्या अक्षदाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अनुजाची रजा संपत होती. वरळीच्या लॅबमध्ये तिची टेक्निशियनची नोकरी. रजा आणखी वाढवली तर जागा राखून ठेवणार नाही, असं तिथल्या मॅडमनी गोड आवाजात सांगून टाकलं होतं. विनीत सहालाच ऐरोलीला कामावर निघायचा. सासूबाई कमल यांच्या दोन्ही गुडघ्यांचं जानेवारीत ऑपरेशन झालेलं, त्यांना नात उचलायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. गुणाजींचं स्वतःचं लायसन वयामुळे संपलेलं. राहिली अनुजाची आई गुणवंती, वरळी कोळीवाड्यात. तिनं पंधरा दिवसांपूर्वीच खोलीत पाळणा बांधून ठेवला होता. तेव्हा रोज सकाळी अक्षदा, तिची दुधाची पिशवी आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन वरळी गाठायची, आणि ती या पांढऱ्या गाडीतून. गाडी जुनी घेतलेली, पण गुणाजींच्या नावावर. आणि गुणाजी एकच वाक्य बोलले होते.

"लायसन सरकार देता. चावी मी देतंय."

चावी मिळाली नाही तर पाठवायचा म्हणून राजीनाम्याचा मेल अनुजानं फोनमध्ये लिहून ठेवला होता. चार ओळींचा. विनीतलासुद्धा तिनं तो दाखवला नव्हता.

लायसन तिच्याकडे तीन वर्षं होतं, हात मात्र गंजलेला. गेले सहा आठवडे अक्षदा पहाटेचं दूध पिऊन झोपली की मिळणारा तेवढा तास ती आणि विनीत लालबागच्या दुकानांची शटरं उघडायच्या आत गाडी फिरवून आणायचे. मसाल्याच्या गल्लीतून रिव्हर्स घेताना डोळ्यांत मिरची जायची. ती तशीच, पाणी गाळत, गाडी सरळ काढायची.

चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या तळाशी गाड्या पाळण्यांत ठेवलेल्या असत. बटण दाबलं की जत्रेतल्या चक्रासारखा एकेक पाळणा खाली यायचा. पांढरी गाडी खाली आली तेव्हा गुणाजी नव्या सदऱ्यात तयार होते. दोन्ही हातांत दोन नारळ.

"दोन कित्याक?" कमलबाईंनी विचारलं.

"ह्यो देवाचो. तुझ्या मांडयेर ठेव." त्यांनी एक बायकोच्या हवाली केला. "आणि ह्यो परीक्षेचो."

परीक्षेचा नारळ त्यांनी पुढच्या डाव्या सीटच्या पायथ्याशी, आपल्या टाचांच्या मागे ठेवला. ब्रेक मऊ लागला तर नारळ जागचा हलणार नाही. कचकन लागला तर घरंगळत येऊन टाचेवर आपटणार. नवशिके ड्रायव्हर हाताखाली आले की गुणाजी त्यांना असंच तपासत.

"तीनदा टाचेक लागलो," ते अनुजाकडे न बघता म्हणाले, "की चावी झिलाकडे."

"बाबा, माझ्या परीक्षेला का नाही ठेवला नारळ?" मागून झील, म्हणजे विनीत.

"तुझ्या येळेक खोबरा म्हाग होता."

मग देवाला गाऱ्हाणं. त्याशिवाय परबांच्या घरातून पोर शाळेच्या सहलीलासुद्धा गेलं नव्हतं. गुणाजी गाडीच्या तोंडाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि पार्किंगच्या काँक्रीटमध्ये त्यांचा आवाज घुमला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जी काय फेरी काढल्यानी आसा, ती सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे. वॉचमनसुद्धा.

"वाटेत जो काय खड्डो येयत, जो काय ट्रक येयत, जो काय रिक्षावालो आडयो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हा... बाबा, इकडे रिक्षा कुठून येणार? शीवच्या अलीकडे बंदी आहे."

"देवाक सगळा सांगून ठेवचा लागता. गप! आणि गाडी हाकणाऱ्या माझ्या झिलाक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विनीत आणि वॉचमन जोरात म्हणाले.

अनुजानं मात्र या वेळी 'व्हय' म्हटलं नाही. गाडी हाकणारा झील. चावी तिच्या हातात होती. गुणाजींनी डोळे उघडले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं गाऱ्हाणं, त्यात गाडी हाकायला नेहमी झीलच असायचा. अनुजानं मागं अक्षदाला तिच्या खुर्चीत बांधलं, तिच्या टाळूवर ओठ टेकवले, आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

पहिला नारळ डिलाईल रोडच्या पुलावर लागला. चढावर पुढचा टेम्पो अचानक थांबला, अनुजानं कचकन ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. ठक्क.

"एक," गुणाजी म्हणाले. बाकी काही नाही. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा हाजी अलीला. तिथं नव्या रस्त्यावर चढायला इतके हात फुटलेत की दशभुजा देवीनं बघावं. विनीत मागून ओरडला, "डावीकडे, डावीकडे!" आणि त्याच क्षणी गुणाजी, तीस वर्षांच्या सवयीनं, म्हणाले, "सरळ! पेडर रोडन् घे!" अनुजाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ठक्क.

"दोन."

"दोन काय दोन?" कमलबाई मांडीवरचा देवाचा नारळ सांभाळत पुढे झुकल्या. "तुमच्या गाऱ्हाण्यातच खोट आसा. मी तेवाच म्हणणार होतंय, पण गाऱ्हाण्यात मधीच बोलूचा नसता म्हणान गप रवलंय."

"कसली खोट?"

"गाडी हाकणाऱ्या झिलाक सांभाळ म्हटलास. देव बिचारो सांगला तसा करतासा. बघा मागे वळान, झील कसो सुखात आसा!"

सगळ्यांनी विनीतकडे बघितलं. त्याच्या एका हातात चिवड्याची पिशवी, दुसरा हात अक्षदाच्या मुठीत, आणि वाऱ्यानं केस उडतायत. देवानं त्याला खरोखरच खूप चांगलं सांभाळलं होतं.

"आणि माझी सून घामान निथळता ती. तिच्यासाठी कोण बोललो? कोण नाय!"

"बोलणा परत घेवचा म्हणजे काय खेळ वाटलो तुका?" गुणाजी गुरगुरले. पण आरशातून एकदा आणि सरळ एकदा, असं दोनदा त्यांनी अनुजाकडे पाहिलं.

आणि मग गाडी त्या रस्त्यावर चढली, आणि भांडण आपोआप विझलं.

डावीकडे मुंबई, उजवीकडे नुसतं पाणी. सकाळचं ऊन लाटांवर ताज्या जवळ्याच्या ढिगासारखं चमकत होतं. रस्ता इतका गुळगुळीत की अनुजाला आपले खांदे कानांपासून खाली उतरल्याचं कळलं. तिनं चौथा गिअर टाकला. पाचवा टाकला. पाचवा ती आयुष्यात पहिल्यांदा टाकत होती. लालबागच्या गल्लीत तो टाकायचा कुठं?

गुणाजी काचेला नाक लावून बसले होते.

"हय पाणी होता," ते म्हणाले. "मी थय, त्या बाजूक, बस घेवन जायचंय. पावसात लाट उडान वरच्या डेकार येयची. आणि आता आमी पाण्यातसून जातंव."

"पाण्यावरून," विनीत म्हणाला.

"तू चिवडो खा."

बोगदा आला तेव्हा कमलबाईंनी हात जोडले. दिव्यांची माळ डोक्यावरून सरसर मागे जायला लागली आणि अक्षदा एकदम ओरडली, "आऽऽ!" तिचा आवाज बंद गाडीत असा वाजला की ती स्वतःच दचकली, मग हसली आणि पुन्हा ओरडली, "आऽऽ!" मग विनीत, मग कमलबाई. "होऽऽ!" अख्खं कुटुंब बोगद्याभर ओरडत गेलं. गुणाजी ओरडले नाहीत, पण गिरगावच्या उजेडात बाहेर पडल्यावर कमलबाई शपथेवर म्हणाल्या की ह्यांचे ओठ हलत होते.

मरीन ड्राइव्हला अक्षदाला भूक लागली. तिच्या रडण्याचा पहिला सूर लागताच अनुजाची ओढणी दुधानं ओली झाली. गाडी कडेला घेण्यावाचून गत नव्हती, आणि तिथं गाडी उभी करायला मनाई. तिनं दिवा लावून, आरसा बघून, गाडी इतकी अलगद कडेला लावली की नारळानं कूस बदलली नाही. ती मागे जाऊन बसली, कमलबाईंनी काचेला ओढणी लावली. विनीत आणि गुणाजी खाली उतरले. गुणाजी गाडीकडे पाठ करून, छत्री उघडून, देवळाच्या दारातल्या पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

दोन मिनिटांत ट्रॅफिक हवालदार आला. "काका, इथे नो पार्किंग आहे. गाडी काढा."

"काढतंव. नात जेवता आमची."

"मग हॉटेलात जेवा ना, काका."

"आठ म्हयन्याची आसा ती. तिचा हॉटेल गाडीतच आसा."

हवालदाराला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यानंही गाडीकडे पाठ केली. "ड्रायव्हर कोण?" त्यानं उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

आत अनुजानं कान टवकारले. अक्षदाचं चुरूचुरू पिणं, बाहेर समुद्र.

"जेवूक घालता तीच," गुणाजी म्हणाले.

"दोन्ही कामं? मग दहा मिनिटं घ्या," हवालदार म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे शिट्टी वाजवत गेला.

गुणवंतीचा फोन तेवढ्यात आला. "अनू, कंदी पोचताव शिवडीला? आज अष्टमी हाय गो. सहा-साडेसहाला भरती झाली, साडेनवाला अर्धी सुकती. तवाच जा. पानी मागे जाताना पाखरं काठाला येतान, चिखलात खायाला. उशीर केलास तर लांब जातील."

गुणवंतीला घड्याळापेक्षा तिथी लवकर कळायची. नऊ वाजले होते. भाऊच्या धक्क्यावरून जाताना कमलबाईंना वास आला आणि त्या म्हणाल्या, "पाच मिनटां थांब गो, सरंगो बघतंय," तर गुणाजी म्हणाले, "पाखरां बघूक इलंव की पापलेटां? काल हिच्या आयशीन बांगडे धाडलेले आसत घरात." रे रोड, कॉटन ग्रीन. कंटेनर, टँकर, दोन्ही बाजूंना गोदामं. अनुजानं एका टँकरला वाट दिली, दुसऱ्याच्या मागे सबुरीनं राहिली. नारळ गप्प होता. गुणाजीही गप्प होते. एवढं अंतर काढलं की झालं, ती मनात म्हणत होती. इथून घर पंधरा मिनिटं.

"पण नॅशनल पार्क बोरिवलीक ना?" 'अभयारण्य' लिहिलेली पाटी बघून कमलबाईंनी विचारलं. "वाघ आसत थय."

"हे खाडीचं अभयारण्य आहे, आई. इथे वाघ नाहीत, पक्षी आहेत."

"बगळेच ते," गुणाजी म्हणाले. "बगळे बघूक एवढा पेट्रोल जाळलंव."

धक्क्याकडे जाणारा रस्ता खडबडीत. वरून त्या लांबलचक नव्या पुलाची सावली पडलेली, पलीकडे तिवरं, चिखलात रुतलेली जुनी जहाजं. अनुजा दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत, अंडी घेऊन चालल्यासारखी चालली होती. तिवरांची भिंत संपली, डावीकडे खाडी उघडी पडली, आणि गुणाजी परब जागच्या जागी उडाले.

"थांबव! थांबव गो! बघ, बघ, आभाळ बघ!"

त्यांचा उजवा पाय गाडीत नसलेल्या ब्रेकवर पडला. अनुजाचा असलेल्यावर.

ठक्क.

आणि बाहेर, पाण्यावरून, पाखरांची एक लांब फळी उठली होती. बसलेली असताना मळक्या पांढऱ्या कपड्यांसारखी दिसणारी ती पाखरं पंख उघडताच आतून गुलाबी झाली, काठाला काळी. शंभर, दोनशे, मोजणार कोण? ती रिफायनरीच्या चिमण्यांसमोरून वळली, पुलाच्या खांबांसमोरून वळली, आणि गाडीच्या डोक्यावरून इतकी खालून गेली की त्यांच्या पंखांचा फडफडाट आत ऐकू आला. मान पुढे, पाय मागे, सरळ रेघेत. जणू कुणी आभाळावर गुलाबी दोरा ओवत नेत होतं.

अक्षदा बघत होती. तिनं हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली. एवढंच तिला येत होतं.

"कमल," गुणाजी म्हणाले. चारचौघांत बायकोला नावानं हाक त्यांनी कधी मारली नव्हती. "बघितलंस?"

"बगळेच ते," कमलबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

थवा पुढे जाऊन चिखलात उतरला, काठापासून हाकेच्या अंतरावर, गुणवंतीनं सांगितलं होतं तिथंच. सगळे खाली उतरले. अनुजा सगळ्यात शेवटी. तिनं इंजिन बंद केलं, चावी काढली. अक्षदाला कडेवर घेऊन थोडा वेळ बघत राहिली. पाखरं माना उलट्या करून चिखल चाळत होती, पाणी हळूहळू मागे सरत होतं. डोळ्यांत पाखरांचा आनंद आणि हुकलेली परीक्षा, दोन्ही गोष्टी एकदम येत होत्या. मग ती विनीतजवळ गेली आणि चावी त्याच्या हातावर ठेवली.

"तीन झाले," ती म्हणाली. "मी मोजलेत."

"अगं, तो कसला तिसरा, बाबांनीच..."

"ठरलं होतं ते ठरलं होतं."

"खय ठरला होता?" मागून आवाज आला. गुणाजी दोन्ही नारळ घेऊन उभे होते, एक शेंडीनं धरलेला, एक काखेत. "माका सांग, सूनबाय. बस चालू आसा. प्रवाशान बेल मारल्यान. ड्रायव्हरान काय करूचा?"

"थांबायचं," अनुजा म्हणाली.

"मी बेल मारलंय. तू थांबलंस. खड्ड्याच्या रस्त्यार, गाडी वाकडी न करता, पोराक झोको न देता थांबलंस. तिसरो नारळ माझ्या खात्यार." त्यांनी घसा खाकरला. "आणि मरीन ड्राइव्हाक गाडी लावलंस, ता मी बघितलंय. मी सांगूक नाय, पण बघितलंय."

मग त्यांनी मुलापुढे हात केला. विनीतनं चावी दिली. गुणाजींनी ती अनुजाला दिली नाही. देवाचा नारळ गाडीच्या बोनेटवर ठेवला, शेजारी ती ठेवली आणि हात जोडले.

"सगळी उभी रवा. बायको, झील, सून, नात, सगळी. गाऱ्हाणा परत घालूचा आसा."

"आता?" विनीत म्हणाला. "इथे?"

शेजारी कॅमेरे घेतलेली आठदहा माणसं पाखरांवरून डोळे काढून यांच्याकडे बघायला लागली होती. गुणाजींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! सकाळी मी जा काय बोललंय, त्यात माझी चूक झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कमलबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

"गाडी हाकणारी माझी सून, अनुजा विनीत परब, उद्यापासून रोज माझ्या नातीक घेवन वरळेक जातली आणि येतली. तिच्या हाताक, तिच्या पायाक आणि तिच्या ब्रेकाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो काय रिक्षावालो..."

"बाबा!"

"...तेका शीवेपलीकडेच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला कॅमेरेवालेही ओरडले. आणि अनुजाही. ती अक्षदाचे दोन्ही तळवे जुळवून धरून, हसत, सगळ्यांच्या वर ओरडली.

देवाचा नारळ दगडावर फुटला. पाणी विनीतच्या बुटांवर गेलं, खोबरं आठ अनोळखी माणसांच्या हातांत. परीक्षेचा नारळ गुणाजींनी कमलबाईंच्या पिशवीत टाकला.

"हेचा काय करू?"

"वाट आणि बांगड्याच्या कालवणात घाल. परीक्षा संपली."

परत निघताना अनुजानं बोनेटवरची चावी उचलली, आत बसून आरसा सारखा केला. मागे अक्षदा, तोंडात बोट, पापण्या जड. तिच्या शेजारी विनीत, आता चिवडा नसल्यामुळे कमनशिबी दिसणारा. त्याच्यापलीकडे कमलबाई, पिशवी पोटाशी धरून. तिनं गाडी हळूच वळवली. पुलाची सावली, खडबडीत रस्ता, मग टँकर, मग गोदामं. ती काहीतरी विचारणार होती, उद्या किती वाजता निघू, पाळणा खाली यायला वेळ लागतो, असं काहीसं. तिनं डावीकडे पाहिलं.

गुणाजींची मान सीटच्या पाठीवर कलंडली होती. तोंड किंचित उघडं. कॉटन ग्रीनसुद्धा अजून आलं नव्हतं.

अनुजानं आरशातून कमलबाईंकडे बघितलं. कमलबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढचा सिग्नल लाल झाला. अनुजानं लांबूनच पाय हलका केला आणि गाडी अशी थांबवली की गुणाजींच्या घोरण्याचा सूरसुद्धा बदलला नाही.